पश्चिमेचा जिना

“एक दिवस कमी झाला पाहिजे,” ॲड्रियन पॅस्को म्हणाला. “कुठून ते तू सांग. नाहीतर मला सांगावं लागेल.”

ग्लेनिस हॅरोपने त्याच्यापुढे खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकची बशी सरकवली. सिमेंटच्या त्या कारखान्यातल्या प्रत्येक शटडाऊनचं, म्हणजे दुरुस्तीसाठी भट्टी बंद ठेवण्याच्या दिवसांचं, नियोजन तिच्याच संगणकावर होत आलं होतं. ब्रिस्बेनच्या मुख्य कचेरीतून येणारा माणूस दरवेळी नवा असे, मागणी मात्र तीच.

“घे बाळा,” ती म्हणाली. “आधी खा, मग काप.”

पडद्यावर वरपासून खालपर्यंत रंगीत पट्ट्या पसरल्या होत्या. भट्टी विझवायची, निववायची, जुन्या विटा फोडायच्या, नव्या लावायच्या, पुन्हा पेटवायची. शेकडो कामं, आणि प्रत्येकाची दोरी दुसऱ्या कुठल्यातरी कामाला बांधलेली. ग्लेनिसने एक पट्टी बोटभर ढकलली तशा खालच्या कितीतरी पट्ट्या शिस्तीत पुढे सरकल्या. ॲड्रियन स्वतः या सॉफ्टवेअरमध्ये मुरलेला होता, म्हणूनच तो मनोमन थक्क झाला. इतकं निगुतीनं बांधलेलं वेळापत्रक त्याने आजवर पाहिलं नव्हतं. बाईंचा हात धरणारा अख्ख्या क्वीन्सलँडात कुणी नसेल, असं त्याला वाटून गेलं.

त्याने लाल पट्ट्या शोधल्या. लाल कामांना उसंत नसते. त्यातलं एखादं आखडलं तरच शेवटची तारीख अलीकडे येते. सगळ्यात लांब लाल पट्टी भट्टी निवण्याची होती.

“ही घे,” त्याने पडद्यावर बोट टेकवलं. “मोठे पंखे लावा आणि एक दिवस आधी माणसं आत पाठवा.”

ग्लेनिसचा हात माउसवर थांबला. “गेटवर रसेल भेटला असेल ना तुला?”

“तो हातमोजेवाला? एवढ्या उकाड्यात कसले हातमोजे?”

“मागे असाच एक साहेब आला होता. त्यानेही पंखेच लावले होते.” तिचा आवाज जराही चढला नाही. “रसेल पहिला आत गेला. वीट काळी दिसली, म्हणजे निवली असं समजून त्याने हात टेकले.”

ॲड्रियनने बोट मागे घेतलं. त्याला खरोखर वाईट वाटलं. पण मुख्य कचेरीने त्याला पहिल्यांदाच एकट्याला पाठवलं होतं आणि रिकाम्या हाताने परत जायची सोय नव्हती. दुसरं काही सापडलं नाही तर पंखेच लावावे लागणार होते.

त्याने पुन्हा वरपासून बघायला घेतलं. नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या होत्या, त्यामुळे कारखाना फिरून बघणं त्याने सकाळीच टाळलं होतं. सगळं पडद्यावर तर दिसत होतं.

“हे काय? भट्टीच्या मनोऱ्याच्या पश्चिमेच्या जिन्याची दुरुस्ती? पूर्ण एक दिवस, आणि तीही लाल?”

“ते राहू दे,” ग्लेनिस घाईघाईने म्हणाली. “त्याला हात लावलास तर क्लाइव माझा जीव घेईल. त्याची विटांची माणसं वर कशी जाणार, उडत?”

“बोलव त्याला.”

मुकादम क्लाइव डगन अर्धा खाल्लेला खिम्याचा पॅटिस हातात घेऊनच आला.

“जिना?” त्याने पाय उचलून सरळ खुर्चीवर ठेवला आणि विजार वर ओढली. “साहेब, त्या जिन्याची तिसरी पायरी गेल्याच महिन्यात माझ्या गुडघ्यानं तपासून पाहिलीय. ही बघा खूण. अजून काय पुरावा देऊ?”

सकाळी गाडीतून येताना मनोऱ्याशेजारी उभी असलेली क्रेन ॲड्रियनला आठवली. तिला माणसांचा पाळणा अडकवलेला होता.

“क्रेन आहे ना उभी? पाळण्यातून माणसं वर पाठव. जिना मागाहून सावकाश करा.”

क्लाइवने ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिस बशीतला खोबऱ्याचा चुरा गोळा करत होती.

“म्हणजे या वयात आम्हाला पाळण्यात घालणार!” क्लाइव कडाडला. त्याने टोपी टेबलावर आपटली, युनियनकडे जायची धमकी दिली, ब्रिस्बेनच्या गार हवेत बसणाऱ्या सगळ्यांचा उद्धार केला. ॲड्रियन हटला नाही. शेवटी ग्लेनिसनेच उसासा टाकला.

“पोरगा डोकेबाज आहे, क्लाइव. हे आपल्याला सुचायला हवं होतं.”

तिने जिन्याची पट्टी पुसली. खालच्या सगळ्या पट्ट्या सरसर अलीकडे आल्या आणि शेवटची तारीख बरोबर एक दिवस आधीची झाली. भट्टी निवण्याची पट्टी होती तेवढीच राहिली. ॲड्रियनने वेळापत्रक तिथूनच ब्रिस्बेनला पाठवलं आणि चहा संपायच्या आत उत्तर आलं: मंजूर, आता यात बदल नको. त्याचा ऊर भरून आला. दिवसही वाचला होता आणि कुणाचे हातही भाजणार नव्हते. तेही ग्लेनिस हॅरोपसारख्या बाईच्या वेळापत्रकात त्याने शोधून काढलं होतं.

विमानतळावर सोडायला क्लाइवच निघाला. राग कुठल्या कुठे पळाला होता. गडी शीळ घालत गाडी चालवत होता. रसेलने हातमोजा घातलेल्या हाताने गेटचा दांडा वर केला आणि ॲड्रियनला मान लववून सलाम ठोकला.

“पश्चिमेकडून घे ना गाडी,” ॲड्रियन म्हणाला. “जिन्याचा फोटो हवाय. पुढच्या वर्षी त्याच्यासाठी वेगळी तरतूद मागून घेतो तुमच्याकरता. गुडघे फुटायला नकोत कुणाचे.”

शीळ थांबली. “विमान चुकेल, दोस्ता.”

“पुष्कळ वेळ आहे अजून.”

क्लाइवने मान खाजवली, आरशातून गेटकडे एकदा पाहिलं आणि चाक वळवलं.

खाडीच्या बाजूला ॲड्रियन लंगडत खाली उतरला आणि त्याने फोन वर धरला. मनोऱ्याची पश्चिमेची भिंत चिखलापासून माथ्यापर्यंत उन्हात लख्ख उभी होती. तिला ना पायरी होती, ना कठडा, ना कधीकाळी एखादा खिळा ठोकल्याची खूण.