रिकामा माणूस

डेसने हातातले कागद टेबलावर पालथे घातले आणि चष्मा काढला.

"कागद राहू देत," तो म्हणाला. "समजा, एक माणूस आहे."

खोलीत खुशीची कुजबुज झाली. कॅनबेराच्या त्या विद्यापीठात तत्त्वज्ञांची शुक्रवारची बैठक भरली होती, आणि डेस ट्रेगेन्झाने 'समजा' म्हटलं की तिथे लोक सरसावून बसत. त्याची बायको एल्वा जूनमध्ये गेली. त्यानंतर आज तो पहिल्यांदाच बोलायला उभा राहिला होता. गडी परत कामाला लागला, म्हणून सगळ्यांना हायसं वाटत होतं.

"या माणसाची बायको वारली," डेस म्हणाला. "तो रडला. लोकांनी आणून दिलेला लझानिया त्याने खाल्ला, भांडी घासून परत केली. सकाळी दाढी करतो, गुलाबांना पाणी घालतो. कुणी विचारलं तर म्हणतो, तिची फार आठवण येते. पण आत काही नाही. दुःखसुद्धा नाही. संत्रं सोलून खातो, ते आंबट आहे हे त्याला कळतं. लागत मात्र नाही."

ज्यांची भांडी परत गेली होती ते याच खोलीत बसले होते.

"म्हणजे आपला रिकामा माणूस!" मागून रोवन म्हणाला. तो नुकताच शिकवायला लागला होता. "बाहेरून सगळं आपल्यासारखं आणि आत कुणीच नाही. पण डेस, असा माणूस असूच शकत नाही, हे तर तुम्हीच उभी हयात सांगत आलात."

"चुकलो," डेस म्हणाला. "तो माणूस मी आहे."

सगळी खोली हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. वस्तादाने ठेवणीतला डाव काढला की आखाड्याभोवतीचे लोक हसतात, तसं ते होतं. त्या खोलीत माणसाच्या मनाचा कीस काढायचा असतो, आणि तिथे उच्चारलेलं काहीही आधी मुद्दा ठरतं. रीतही ठरलेली. नवा प्रश्न असेल तर हात वर करायचा, चालू मुद्द्यालाच धरून असेल तर एक बोट. बोटवाल्यांचा नंबर आधी. कुणाची कीव करायची तर ती बाहेर जाऊन.

भराभर बोटं वर झाली. एकाने विचारलं, आत काही नाही हे आत कुणी नसताना कळलं कुणाला? एक बाई म्हणाल्या, त्याला वाटतं सगळं, पण वाटलेलं लगेच विसरतो; हा निव्वळ आठवणीचा दोष. रोवनला तर दम धरवत नव्हता, तो दुसऱ्यांची वाक्यंही पुरी करत होता. डेस प्रत्येकाला सावकाश, नीट उत्तर देत होता, आणि तो जितकं नीट बोले तितकं ते बनवलेलं उदाहरण वाटे. बिचाऱ्याला बोलण्याची दुसरी पद्धतच येत नव्हती.

मग पुढच्या रांगेतून नायरी पकरिजने बोट वर केलं. नायरी त्याची जुनी वैरीण आणि जिवाभावाची मैत्रीण. एल्वाच्या शेवटच्या दिवसांत हीच तिच्या उशाशी बसून असायची. रिकामा माणूस असू शकतो, असं ती वर्षानुवर्षं म्हणत आली होती आणि डेस तिला दर वेळी खोडून काढत आला होता. त्याने आशेने तिच्याकडे पाहिलं. निदान ही तरी ओळखेल.

"डेस, लेका, मला फशी पाडू नकोस," नायरी म्हणाली. "एवढंच सांग. तुझ्या या माणसाने हे सगळं आम्हाला का सांगितलं? त्याला आमच्याकडून काय हवंय?"

डेसने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाहेर काकाकुवे खिडकीची चौकट कुरतडत होते.

"कुणीतरी हे खरं मानावं," तो म्हणाला. "एकाने मानलं तरी पुरे."

"सापडलास!" नायरीने मांडीवर थाप मारली. "हवंय म्हणतोस ना? मग ज्याला काही हवंसं वाटतं तो रिकामा कसा? अरे, हा तर तुझाच मुद्दा. आयुष्यभर याच काठीने मला बडवलंस की!"

लोकांनी टेबलं वाजवली. डेस तिच्याकडे बघत राहिला. मुद्दा बिनतोड होता. बुडणाऱ्याला काठावरून कुणी पोहण्याचे नियम समजावून सांगावेत, आणि तेही बरोबर, तसं झालं होतं.

"हरलो," तो म्हणाला.

खुर्च्या सरकल्या. बिअर प्यायला कुठे जायचं यावर वाद सुरू झाला. असा डाव आपण जन्मात पाहिला नव्हता, असं रोवन भेटेल त्याला सांगत सुटला.

दाराबाहेर नायरीने डेसचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं. तिचे डोळे भरून आले होते.

"तुला असं भांडताना पाहिलं आणि जिवात जीव आला बघ. मला वाटलं होतं, एल्वाबरोबर तूही गेलास." तिने नाक पुसलं. "आता मुद्दे-बिद्दे सोड. मला खरं सांग, कसं वाटतंय?"

डेसने तिच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"बरं वाटतंय," तो म्हणाला.

हे मात्र तिने लगेच खरं मानलं.