खोकल्याच्या जागचं कडवं

तिसरं कडवं संपलं आणि कल्याणला खोकला आठवला.

त्याचे वडील, रामराव, इथंच खोकायचे. घनसावंगीजवळच्या या गावात एकादशीला दुपारी मारुतीच्या देवळात भजन असे. याच अभंगात, याच जागी रामराव खोकत, तांब्यातलं पाणी पीत आणि पुढचं कडवं धरत. लहानपणी कल्याणला तो खोकला अभंगातलाच वाटे. बापाच्या मांडीला टेकून तोही खोकायचा. टाळकरी हसायचे.

रामरावांना जाऊन वर्ष झालं होतं. जालना शहरातल्या बियाणे कंपनीतून रजा काढून कल्याण आज पहिल्यांदा त्यांच्या जागी बसला होता. मांडीवर त्यांची वही होती. पानांना लागलेला बुक्क्याचा वास अजून गेला नव्हता. खोकल्याच्या जागी वहीत एक कडवं होतं. कल्याणनं ते कधी ऐकलं नव्हतं. त्यानं सूर लावला.

*दुखविले ज्यासी । जा आधी त्या दारी ।*
*मग ये पायरी । चढावया ॥*

पखवाज थांबला.

पखवाजावर भुजंगकाका होते, रामरावांचे सख्खे धाकटे भाऊ. रामरावांनी बांध कोरून त्यांचं दोन हात रान आपल्याकडं ओढलं, तेव्हापासून वीस वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. एकादशीला मात्र एकानं गायचं, दुसऱ्यानं वाजवायचं, यात खंड पडला नाही.

"हे म्हणत नसतेत आपल्यात," काका म्हणाले.

"वहीत तर हाय, काका."

"वहीत हाय. तुझ्या बापाच्या तोंडात नव्हतं."

म्हातारे बद्रीशेठ टाळ पुसत म्हणाले, "मी इचारलं होतं त्याला. रामराव, बराबर इथंच कसा रे खोकला येतो? तर म्हणला, शेठ, पायांना जमलं न्हाई ते तोंडानं कसं म्हणू? जमल्यावर म्हणीन. मंग राह्यलंच."

कोणी हसलं नाही. बांध अजून तिथंच होता. औंदाची पेरणी कल्याणनंच त्या बांधापर्यंत करून घेतली होती.

त्यानं वही मिटली आणि उठला.

"कुठं निघाला रे? भजन अर्धं हाय!" बद्रीशेठ ओरडले.

काकांचं घर देवळासमोरच होतं. नंदाकाकू ओसरीवर तूर निवडत होत्या. दारात कल्याणला पाहून सूप हातातच राहिलं.

"अरे, तुझे काका तर भजनालाच बसलेत की. तुमच्यातच."

"माहीत हाय, काकू." तो अनवाणीच आला होता. "उद्या बांध जुन्या जागी घेऊन राह्यलो. ते सांगायला आलो."

काकूंनी सूप खाली ठेवलं. आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

तो पाणी पीत होता, तेव्हा देवळातून पखवाज ऐकू आला. ठेका तोच होता. गाणारं कुणी नव्हतं.