हात वर करा

चाकणच्या त्या कारखान्यात गाडी डोक्यावरून सरकते आणि माणसं खाली उभी राहून, हात वर करून तिचे बोल्ट आवळतात. सोपानरावांनी हेच करता करता उजव्या खांद्यातला स्नायू फाडून घेतला होता. कामामुळे फाटला, एवढं मात्र कंपनीला मान्य नव्हतं.

शिफ्टच्या आधीच्या मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांदेखत त्यांचा हात धरून थेट डोक्यावर नेला. "बघा, जातोय की वर!" आणि सोडला. दोर तुटलेल्या पोहऱ्यासारखा हात खाली आला.

"तुमी उचलला की जातोयच, साहेब," सोपानराव म्हणाले. "माझा मला उचलत न्हाई."

"वय झालं, राव. आता घरी बसा निवांत."

"वय माझं झालंय, पण खांदा तुमच्या लाइनवर फाटलाय. मी न्हाई जायचा घरी."

साहेब हसले. असल्या उत्तरांची त्यांना सवय होती. "लाइनचाच दोष, तर मग तुम्हा एकट्यालाच कसा?" ते बाकीच्यांकडे वळले. "आणखी कुणाचा खांदा गेलाय? हात वर करा!"

कुणी हलेना. नोकरी कुणाला नको असते? सोपानरावांनी मात्र मान खाली घातली नाही. मागे वळून एकेकाच्या डोळ्यांत बघत राहिले.

पहिला हात रविराजचा वर गेला. त्याचं तर अजून लग्नही ठरलं नव्हतं. मग पूनमचा. मग रांगच्या रांग. साहेब मोजता मोजता थबकले.

वर गेलेले सगळे हात डावे होते.