बिनवासाचं सोल्युशन

प्लंबरने पाईपच्या टोकावर चिकटवायच्या सोल्युशनचा ब्रश फिरवला, पाईप एल्बोच्या वाकड्या तुकड्यात सारला, पाव फेरा दिला आणि तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरला. बाथरूमचं दार बंद होतं आणि खिडकीही. वारा लागला की सोल्युशन सांधा बसण्याआधीच सुकतं, असं त्याचं म्हणणं.

दाराबाहेरून घरातल्या बाईंनी विचारलं, "मिस्त्री, वास नाही ना पसरणार? सासूबाईंना दमा आहे."

"बिनधास्त राहा ताई. नवीन सोल्युशन आलंय. वास म्हणून नाही. महिनाभर हेच वापरतोय."

बाईंनी तरी दाराच्या फटीत जुना टॉवेल कोंबला. सासूच्या बाबतीत सून कोणाच्या शब्दावर राहत नाही.

वॉशिंग मशीनचं पाणी बाहेर काढायला सहा सांधे लागणार होते. पाच झाले होते. सहाव्याचा एल्बो आणायला गेलेला त्याचा मेहुणा दहा मिनिटांत येतो म्हणाला होता, त्याला अर्धा तास झाला. प्लंबरचं डोकं ठणकत होतं. ते त्याने चष्म्याच्या नंबरावर ढकललं. सोल्युशनचा डबा खाली उघडाच होता.

हात चिकट झाले होते. तो बेसिनकडे वळला आणि त्याने गरम पाण्याच्या नळावर हात ठेवला. नळ सोडला की वरचा गॅसचा गीझर ठिणगी टाकून आपोआप पेटायचा.

तेवढ्यात दार उघडलं. मेहुण्याने एक पाऊल आत टाकलं, चेहरा वेडावाकडा केला आणि झेप घेऊन प्लंबरचं मनगट धरलं.

"नळ सोडू नका! भाऊजी, सोडू नका!"

त्याने प्लंबरला खेचून बाहेर काढलं. श्वास कोंडून पुन्हा आत गेला, खिडकी सताड उघडली आणि डब्याला झाकण लावून तो बाहेर आणला. बाई मदत म्हणून एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे निघाल्या होत्या. बटणातही ठिणगी पडते म्हणून त्यांच्यावरही तो ओरडला. मग भिंतीला टेकून खोकत राहिला.

"एवढ्या वासात गीझर पेटवताय? सगळे उडालो असतो."

"वास कुठंय? नवीन सोल्युशन आहे."

"नवीन कसलं? नेहमीचंच आहे. डब्याचा रंग तेवढा बदललाय."

बाईंनी ओढणी नाकाला लावली होती. प्लंबरने त्यांच्याकडे पाहिलं. मग डबा उचलला, झाकण काढलं आणि नाक अगदी जवळ नेलं. पुन्हा नेलं. मेहुण्याने डबा हातातून काढून घेतला, तेव्हा तो आत जाऊन बेसिनवरचा साबण उचलून हुंगत राहिला.

फरशी न फोडता सांडपाणी कुठे मुरतंय हे नुसत्या नाकाने सांगणारा माणूस, म्हणून वीस वर्षं लोक त्याला शोधत येत होते. तो घाबरला. साबण त्याने होता तसा जागेवर ठेवला.

सहावा सांधा मेहुण्याने केला, दार-खिडकी उघडी टाकून. प्लंबर जिन्याच्या पायरीवर बसून होता. काम आवरून मेहुणा शेजारी येऊन टेकला.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ. औषधं असतात."

प्लंबरने मान हलवली. मग म्हणाला, "रविवारी पोरगी बाळाला घेऊन आली होती."

"हो."

"सगळे नातीच्या टाळूचा वास घेत होते. मलाही घ्यायला लावला."

"आणि तुम्ही म्हणालात, हिला तर काही वासच नाही. किती हसलो आम्ही."

"कसा होता?"

मेहुणा विचार करू लागला. "दुधासारखा," तो म्हणाला. "म्हणजे, दुधासारखा पण नाही. जरासा..." त्याने हात हवेत फिरवला, आणि तो तसाच थांबला.

"सांग ना," प्लंबर म्हणाला.