पहाटेचं पाणी

घरोघर देखभालीला फिरणाऱ्या मी-रानने पाणी गाळायच्या यंत्राचं झाकण उघडलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आतली कोळशाची नळी जुनीच होती, पार पिवळी पडलेली. बाहेरच्या चिठ्ठीवर मात्र तिच्याच अक्षरात चार महिन्यांपूर्वीची तारीख होती आणि पुढे शब्द : 'बदलली'.

त्या दिवशी नवव्या मजल्यावरच्या बाईंनी आरडाओरडा केला, म्हणून या घरची नळी तिकडे बसवून ती मोकळी झाली होती. इथल्या ओक-बुन आजींची नजर अधू आणि स्वभाव गरीब. अशा माणसांचं काम कायम उद्यावर जातं.

"रताळी भाजलीत, खाऊन जा," आजी म्हणाल्या. एरवी सगळ्या तेगू शहराची खबर देणाऱ्या आजी आज तेवढंच बोलल्या.

"आजी, बरं वाटत नाही का?"

"सुनेचं बाळ गेलं गं. पाचव्या महिन्यात, पोटातच." आजींनी गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथे सोया मुरत घातलेल्या रांजणांवर एक पांढरी वाटी पालथी घातली होती. "शंभर दिवस पहाटे उठले. विहिरीचं पहिलं पाणी ठेवायची रीत, पण आता विहीर कुठली? तुझ्या यंत्रातलंच पहिलं पाणी वाटीत घेतलं, पोटातलं बाळ सांभाळणाऱ्या सामशिन देवीपुढे ठेवलं, तळवे चोळून चोळून मागितलं. पण माझंच मन मळकं असणार. लग्नात मी सुनेला टाकून बोलले होते ना, देवी विसरली नाही."

मी-रानच्या हातात नवी नळी तशीच राहिली. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. नोकरीही राहिली असती.

"आजी, मी नळी बदललीच नव्हती," ती एकदम बोलून गेली. "ती चिठ्ठी खोटी आहे. पाणी शुद्ध नव्हतं. तुम्ही माझी तक्रार करा."

मी-रानने मान खाली घातली. आता शिव्या बसणार, आणि बसायलाच हव्यात, असं तिला वाटलं.

आजींनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"म्हणजे पाणी मळकं होतं? माझं मन नव्हतं?"

मी-रानने दुसऱ्या हातातली नवी नळी खाली ठेवली.

"चल," आजी तिला ओढत म्हणाल्या, "सून आत निजलीय. तिलाही सांग."