एकच हात

मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग तिसऱ्यांदा तुटलं, तेव्हा मृणाल चिंदरकरने आपल्या सहाही इंजिनिअरांना पंपाभोवती उभं केलं.

"दोन्हींचे फिरते दांडे, शाफ्ट, कोणी जुळवले?"

"सगळ्यांनी तपासलेत, मॅडम. एका रेषेत आहेत."

तिने स्वतः तपासले. एका रेषेतच होते. संध्याकाळपर्यंत पंप चालला नाही, तर बॉयलर विभाग तिच्याकडून काढून घेणार होते.

"म्हणजे आता..."

"...बेअरिंग पुन्हा उघडायचं," सहाजण एकदम म्हणाले.

"माझं वाक्य मला तरी पूर्ण करू द्या रे!"

कंपनीची मेंदूला जोडणारी टोपी दुपारभर घालून बसले, आणि तिचं वीस वर्षांचं कसब या सहाजणांत जसंच्या तसं उतरलं होतं. शिकवणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. फक्त विभागातले मदतनीस खराडे यांना फिट येत, म्हणून डॉक्टरांनी टोपी घालू दिली नव्हती. ते अजून विचारून विचारून शिकत आणि सगळे त्यांना टाळत.

"मॅडम, शाफ्ट पंप थंड असतानाच का जुळवायचे?"

सहाजणांनी कपाळावर हात मारला, अगदी तिच्यासारखा.

"खराडे, हे आत्ता?" मृणाल म्हणाली. "अहो, तापलेल्या पंपाला हात कोण लावणार?"

"पण तापल्यावरही रेषा तीच राहते?"

"राहते हो! नदीवरचे पंप मी कायम असेच जुळवले. पाणी गार, त्यामुळे लोखंड फुगत नाही, म्हणून..."

ती थांबली. या पंपातून उकळतं पाणी जात होतं.

तिने सहाजणांकडे पाहिलं. या वेळी तिचं वाक्य कोणीच पूर्ण केलं नाही.

"खराडे," ती म्हणाली, "पुढचा प्रश्न विचारा. लवकर."