बदकाचा डोळा

नातीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलंय, असं अण्णा घरात सांगत. खरं तर ते राहून गेलं नव्हतं. घशात काटा अडकावा तसं अडकलं होतं.

"अण्णा, पोरीला चार ओळी लिहाल की नाही?" सुनेने चहाचा कप ठेवत विचारलं. "रविवारी फोनवर परत तेच. आजोबांचं पत्र का नाही, आजोबांचं पत्र का नाही. आम्ही मेलो की जगलो, त्याची चौकशीच नाही."

"लिहितो."

"तुम्हीच हट्टाने पाठवलंत, आणि तुम्हीच विसरलात!"

सून हसत होती. अण्णांना मात्र ते लागलं. पाठवलं त्यांनीच होतं. विद्यापीठाने परदेशात नवा कॅम्पस काढला, पहिल्याच तुकडीत नातीची निवड झाली, तेव्हा मुलगा म्हणाला होता, "शिकायचं ते इथेच शिकेल." जन्मात कुणापुढे आवाज न चढवलेले अण्णा त्या दिवशी मुलाशी भांडले. "तिचं काही वेडंवाकडं झालं तर मला जाब विचार," असं म्हणून बसले.

त्यांची सारी नोकरी त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली होती. पण निवृत्त झाल्यावर ते तिकडे फिरकले नाहीत. आपण गेलो की लोकांना उठून उभं राहावं लागतं, चहा मागवावा लागतो. कशाला उगीच कुणाला त्रास? फोनचंही तेच. 'हॅलो' म्हटलं की पुढचे शब्द पळून जात. म्हणून तर नात त्यांना पत्र लिही.

अण्णांनी खोलीचं दार लोटलं आणि पुस्तकात दडवलेलं पत्र पुन्हा काढलं.

'आजोबा, सोबत फोटो आहे. नीट बघा. मी कुठे बसलेय ते जगात फक्त तुम्हीच ओळखाल. आईबाबांना इतक्यात सांगू नका. आधी तुमचं उत्तर येऊ दे. तोवर मला चैन पडायची नाही.'

फोटोत नात एका टेबलाशी बसली होती. मागे नुसताच पडदा. तिच्या कोपराजवळ शाईचा एक डाग होता, बदकासारखा. आणि बदकाला डोळा होता.

तो डाग अण्णांच्याच हातून पडलेला, नोकरी नवी असताना. डोळा नातीचा. शाळेला सुट्टी असली की ती त्यांच्याबरोबर ग्रंथालयात येई आणि खिडकीजवळच्या त्या टेबलाशी पाय हलवत बसे. एकदा टाचणीने तिने डागावर डोळा कोरला आणि म्हणाली, "आता याला दिसतं."

ते टेबल इथे होतं. याच गावात, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. निघायच्या दिवशी सगळी मुलं विद्यापीठाच्या बसने गेली. विमानात बसताना तिला घरच्या कुणी पाहिलं नव्हतं. फोनवरचा आवाज कसा, तर शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. पाकिटावर तिकीट इथलं, शिक्का इथला, उत्तर पाठवायचा पत्ताही विद्यापीठाचाच.

पोर गेलीच नव्हती. ऐनवेळी घाबरली असेल, किंवा आणखी काही. त्याचा विचार अण्णांना करवेना. कुठल्या तरी वसतिगृहात राहून दर रविवारी आईबापांना परदेशाच्या गोष्टी सांगत होती. आणि आता तोंडाने कबूल करायची हिंमत नाही, म्हणून हा फोटो.

भाजीत मीठ कमी वाटलं तरी अण्णांना आधी स्वतःच्या जिभेची शंका येई. पण डाग त्यांचा होता, डोळा तिचा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कशाची तरी पुरती खात्री होती.

बरेच कागद फाडल्यावर एक उरला.

'ओळखलं. ज्या टेबलाशी तुला बाराखडी शिकवली, त्याच टेबलाशी बसून तू आम्हाला फसवलंस. तुझ्यासाठी मी पोटच्या मुलाशी भांडलो. यापुढे मला आजोबा म्हणू नकोस, आणि पत्रही लिहू नकोस.'

ग्रंथालयाच्या पायऱ्यांजवळ लाल पेटी होती. टपालवाला ती रिकामी करत होता. अण्णा घुटमळले.

"टाकायचंय ना? द्या इकडे," म्हणत त्याने त्यांच्या हातातलं पाकीट घेतलं आणि थैलीत सोडलं.

आता घरी जायचं, पण पाय पायऱ्या चढले. बोलायचं नव्हतंच. फक्त दारातून एकदा बघायचं होतं, बसली असेल तर.

वाचनाच्या दालनात ओळीने नवी कोरी लोखंडी टेबलं मांडली होती. खिडकीजवळही.

"अण्णासाहेब! आज वाट चुकलात की काय?" त्यांच्या वेळचा शिपाई पुढे आला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, हसू तेच होतं. "बसा, बसा. चहा सांगतो."

"नको, नको. इथलं... खिडकीजवळचं टेबल?"

"बदकाचं? ते गेलं की समुद्रापार! सगळी जुनी टेबलं जहाजाने नव्या कॅम्पसला पाठवली. मोठ्या साहेबांची कल्पना. पोरांना तिथे परकं वाटू नये म्हणून. मी स्वतः गोणपाटात बांधली."

अण्णांनी खिडकीची चौकट धरली.

"आणि तुमची नात म्हणजे!" शिपाई रंगात आला. "टेबल दिसताच मिठी मारून रडली म्हणे. वर सगळ्यांना दम, आजोबांना कुणी सांगायचं नाही, मी गंमत करणार आहे. पोचलं ना तिचं पत्र? पोरांची सगळी पत्रं तिकडून एका थैलीत येतात. तुमच्या पाकिटावर तिकीट मीच चिकटवलं."

खाली एक मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

"तुम्ही उत्तर टाकलंत ना, अण्णासाहेब? रोज विचारते म्हणे."

टपालाची गाडी फाटकातून बाहेर वळली.